खांदा दुखतोय आणि व्यायाम सुरू केलाय? मग या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊन पंधरा-वीस दिवस गेले की माझ्याकडे खांदे यायला लागतात. दरवर्षी. आधी घराला रंग, मग माळ्यावरची भांडी खाली, आणि शेवटी माटोळी, गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट, म्हणजे दोन-तीन तास हात डोक्याच्या वर, नारळ, सुपारीचे घोस, केळी एकेक करून बांधत बसायचं, आणि वर्षभर खांद्याच्या वर हात न नेलेला माणूस हे सगळं एका आठवड्यात उरकतो. तेव्हा काही वाटत नाही. मग हळूहळू केस विंचरताना कळ येते, रेनकोट काढताना येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. "शीर भरली गे बाय, जाईल आपोआप" म्हणत महिना जातो, मग कोणीतरी मोबाईलवर दहा व्यायामांचा व्हिडिओ पाठवतं, ते सुरू होतात आणि आठ दिवसांत बंद पण पडतात. मी गोव्यात फोंड्याच्या बाजूला फिजिओथेरपी करते, आणि चांगले बरे होऊ शकणारे खांदे त्याच त्या चुकांमुळे वर्ष-वर्ष अडकलेले बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

आधी एक खात्री करून घ्या की दुखणं टेंडनचंच, म्हणजे स्नायू हाडाला चिकटवणाऱ्या दोराचंच आहे. कोपर कुशीला चिकटवून ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी तुमचा हात हळूच बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा. दुसऱ्याने वळवूनसुद्धा हात दुसऱ्या बाजूपेक्षा खूप कमी वळत असेल तर तो फ्रोजन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, असू शकतो, तो डायबिटीस असलेल्यांत जास्त दिसतो आणि त्याचं वेळापत्रक वेगळं असतं, खाली लिहिलेलं त्याला तसंच्या तसं लागू नाही. पडल्यावर हात उचलताच येईनासा झाला असेल, ताप आणि सूज असेल, वजन उगाच उतरत असेल, हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरला दाखवा. आणि डाव्या खांद्यात दुखून घाम, छातीत दाब, दम लागणं असेल तर एक मिनिट न थांबता 108.

आता टेंडनबद्दल. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार स्नायू असतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात, आणि ते हाडाला ज्या दोरांनी चिकटतात ते टेंडन, पुस्तकी मराठीत कंडरा. वरून जाणारा सुप्रास्पिनेटस सगळ्यात जास्त कुरकुरतो. पूर्वी याला सरसकट टेंडिनायटिस म्हणायचे, म्हणजे सूज. आता टेंडिनोपथी म्हणतात, कारण मुख्य भानगड सुजेची नसते, दोराच्या तंतूंची वीण बिघडते आणि त्याची भार झेलायची ताकद कमी होते. हे एवढं डोक्यात बसलं की पुढचं बरंच सोपं होतं. तेल, जेल, शेक यांनी बरं वाटतं, जरूर करा, पण भार झेलायची ताकद भार देऊनच येते.

म्हणून पहिली मोठी चूक म्हणजे हात गळ्यात बांधून ठेवणं. दोन-चार दिवस जड काम टाळणं वेगळं, पण महिनाभर डाव्या हातानेच जेवणारे लोक मी बघितलेत. वापरच नाही म्हटल्यावर टेंडन आणखी कमकुवत होतो, मग साधी बादली उचलली तरी ठणकतो, मग अजून आराम, असं ते चक्र.

याच्या मागे भीती असते, "हाड घासतंय, हात वर केला तर शीर तुटेल." ही समजूत आमच्याच क्षेत्रातून आली आहे. 1972 साली चार्ल्स नीअर या अमेरिकन सर्जनने मांडलं की खांद्याच्या वरचं हाड टेंडनवर घासून हा त्रास होतो, आणि ते हाड तासायची ऑपरेशनं पुढे जगभर झाली. मग 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनचा अभ्यास आला, त्यात काही जणांचं हाड तासलं आणि काहींच्या सांध्यात नुसता कॅमेरा घालून बाहेर काढला, तर दोन्ही गटांत सारखाच फरक पडला. तेव्हा हात वर नेताना मधल्या टप्प्यात, साधारण 60 ते 120 अंशांत, कळ येते म्हणून आत काहीतरी कापलं जातंय असं समजू नका.

तसाच एमआरआयचा कागद. रिपोर्टवर "पार्शल टिअर", म्हणजे टेंडन थोडा फाटलाय, असं वाचून माणूस घाबरून येतो, हात हलवायचाच बंद करतो. पण खांदा अजिबात न दुखणाऱ्या 40 ते 70 वयाच्या 51 पुरुषांची सोनोग्राफी केली होती, त्यातल्या 96 टक्के लोकांच्या खांद्यात काही ना काही सापडलं. केस पिकतात तसंच हे बरंचसं. अपघात न होता हळूहळू पूर्ण फाटलेल्या टेंडनच्या लोकांनासुद्धा अमेरिकेत व्यायाम देऊन बघितला, दोन वर्षांनी चारातल्या तिघांना ऑपरेशन लागलं नव्हतं. पडून किंवा झटका बसून फाटला असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे ऑर्थोपेडिककडे जायला उशीर करू नका.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो ते, व्यायाम करताना दुखणं. एक गट जरा दुखलं की बंद करतो, दुसरा गट दात-ओठ खाऊन करतो, दुखल्याशिवाय फायदा नाही म्हणून. दोघंही दोन महिन्यांनी तिथल्या तिथे. मी पेशंटला साधा हिशेब देते. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल. पण खरा निकाल व्यायाम करताना लागत नाही, तो दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावर खांदा कालच्यासारखाच किंवा बरा असेल तर डोस बरोबर आहे. रात्री झोपमोड झाली, सकाळी जास्त ठणकतोय, तर व्यायाम बंद नाही करायचा, वजन किंवा आकडा कमी करायचा. काही बिघडलेलं नसतं, डोस जास्त झालेला असतो. एक काकी रोज कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात छोटा आकडा लिहायच्या, सकाळचं दुखणं किती, आणि सहा आठवड्यांनी "काहीच फरक नाही" म्हणत आल्या, तेव्हा त्यांच्याच कॅलेंडरवर सहाचे तीन झालेले होते. लिहून ठेवा, लक्षात राहत नाही.

दुसरी तितकीच मोठी चूक, महिनोन् महिने सोपंच करत राहणं. वाकून हात झुलवणं, भिंतीवर बोटं चढवणं, दोरीची पुली. हे सुरुवातीला ठीक, पण हा हालचालीचा व्यायाम झाला, ताकदीचा नाही. ताकदीचं साधारण असं न्या. खूप दुखत असेल तर दरवाजाच्या चौकटीला मनगटाची बाहेरची बाजू टेकवून नुसतं दाबायचं, हात हलवायचा नाही, 30 सेकंद, चार-पाच वेळा. ते जमलं की दुखत्या बाजूला वर ठेवून कुशीवर झोपा, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी, हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, कोपर तिथेच ठेवून हात पोटाकडून वर वळवायचा, दोन सेकंदात वर आणि चार सेकंदात खाली. खाली आणताना घाई करतात सगळे, करू नका. मग उभं राहून हात थोडा तिरका पुढे, अंगठा वर, खांद्याच्या उंचीपर्यंत उचलणं. मग भिंतीला टेकून पुशअप, नंतर ओट्याला टेकून. दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. बारा सहज व्हायला लागले की अर्ध्या किलोची बाटली एक किलोची करा. रबर पट्टी नसेल तर पंक्चरवाल्याकडची सायकलची जुनी ट्यूब कापून आणा, छान चालते.

तीन-चार व्यायाम पुरे, दहा नको. आणि रोज क्लिनिकला यायलाच पाहिजे असंही नाही, हे फिजिओ असून सांगतेय. ब्रिटनमध्ये 708 जणांचा ग्रास्प नावाचा अभ्यास झाला, 2021 मध्ये छापून आला. अर्ध्या लोकांना फिजिओकडे सहापर्यंत भेटी, बाकीच्यांना एकच नीट समजावून सांगणारी भेट आणि घरी करायचा सोपा व्यायाम. वर्षभराने दोन्ही सारखे. त्याच अभ्यासात स्टेरॉइड इंजेक्शनही तपासलं, आठ आठवड्यांना थोडा फायदा, वर्षाने काही नाही. इंजेक्शन वाईट म्हणत नाही मी, रात्र रात्र झोप नसेल तर घ्या, पण दुखणं गेलं म्हणजे टेंडन तयार झाला असं नाही. लोक इंजेक्शन घेऊन चौथ्या दिवशी नारळ पाडायला जातात. आणि शुगर असेल तर त्यानंतर काही दिवस ती वाढते, तपासत राहा.

एक चूक कुणाच्या लक्षात येत नाही, बाकीच्या दिवसाचा हिशेब. व्यायाम वीस मिनिटांचा, पण बावीचं पाणी ओढणं, दोन नारळ खवणं, वरच्या फळीवरचे डबे, स्कूटरवरून पणजीला जाऊन येणं, हा पण भारच आहे, टेंडनला वेगळा कळत नाही. ज्या दिवशी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढलीत किंवा घरात जड काम झालं त्या दिवशी व्यायाम ठेवू नका, दुसऱ्या दिवशी करा. झोपताना चांगल्या कुशीवर, आणि दुखरा हात छातीपाशी एका उशीवर.

बारा आठवडे धरून चला. चौथ्या आठवड्यात बंद करणारे खूप असतात आणि तिथेच तर फरक दिसायला लागणार असतो. बारा आठवडे नीट करूनही काहीच हललं नाही तर परत तपासून घ्या, कदाचित निदानच दुसरं असेल, मानेचं वगैरे.

पुढच्या चवथीचं आत्ताच ठरवा. मृग लागला की बाटली हातात घ्या, चवथीपर्यंत साधारण बारा आठवडे होतात. आणि माटोळी बांधताना घट्ट पायांचं टेबल घ्या, इतकं उंच की हात डोक्याच्या वर नाही, चेहऱ्यासमोर राहतील, खाली एक माणूस टेबल धरायला, आणि दर दहा मिनिटांनी दोघांनी जागा बदलायची.