जुनं पात्र २०२४ च्या नियमांत आणताना

लातूर-नांदेडकडचा तुमचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाची २०१४ ची आवृत्ती सोडून २०२४ च्या नियमांवर येणार असेल, तर जुन्या कागदावर खाडाखोड नको. पात्र कोऱ्या कागदावर मांडा.

क्लेरिक, सॉर्सरर, वॉरलॉक या क्लासना (पात्राच्या प्रकारांना) सबक्लास, म्हणजे क्लासमधली खास शाखा, पहिल्याच लेव्हलला मिळायचा, आता सगळ्यांनाच तिसऱ्या. म्हणून डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) थेट तिसरीपासूनच सुरू करावं. ॲबिलिटीची (ताकद, चपळाई अशा गुणांची) वाढ आता बॅकग्राउंडवरून (पात्राच्या पूर्वायुष्यावरून) मिळते.

खरी कुरबुर पॅलडिन या क्लासची. त्याचा डिव्हाइन स्माइट (फटक्याला दैवी जोर देणारा वार) आता स्पेल, म्हणजे मंत्र, आहे आणि बोनस ॲक्शन (टर्नमधली एकच जादा कृती) खातो, म्हणजे टर्नला, आपल्या पाळीला, एकदाच. शिवाय काउंटरस्पेलनं (दुसऱ्याचा स्पेल रोखणाऱ्या स्पेलनं) अडतो, अन् बार्बेरियन क्लासच्या रेजमध्ये (संतापाच्या अवस्थेत) स्पेल चालत नसल्यानं तो वापरताच येत नाही. असं पॅलडिन-बार्बेरियन मल्टिक्लास (दोन क्लास एकत्र असलेलं) पात्र असेल तर त्या खेळाडूला क्लास बदलायची मोकळीक आधीच द्या. पॅलडिनचं ले ऑन हँड्सही (हात ठेवून जखमा भरणं) बोनस ॲक्शनवर आलंय. एका टर्नला दोन्ही जमणार नाहीत.