व्हर्च्युअल ऑफिसच्या पत्त्यावर कंपनी नोंदवताना

व्हर्च्युअल ऑफिसचा, म्हणजे तिथे रोज न बसता सेंटरकडून भाड्याने घेतलेला, पत्ता कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय म्हणून देण्यावर कंपनी कायदा 2013 मध्ये सरसकट बंदी नाही. कलम 12 ची अट वेगळी आहे: कंपनीच्या नावाने आलेलं पत्र तिथे घेतलं गेलं पाहिजे आणि त्याची पोच मिळाली पाहिजे. म्हणून पुण्यात बाणेर किंवा विमाननगरमधलं पॅकेज घेताना दरापेक्षा आधी हे विचारा: स्पीड पोस्ट कोण सही करून घेतं, किती वाजेपर्यंत, आणि तुम्हाला कधी कळवतात? कंपनी नोंदवून झाली की स्वतःच एक पत्र पाठवून पाहा. ते परत आलं, तर सरकारी नोटीसही परतच जाणार.

कागद तीन: लिव्ह अँड लायसन्स करार, मालकाची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि दोन महिन्यांहून जुनं नसलेलं लाइट बिल. खरी अडचण एनओसीत येते. सेंटर चालवणारा बहुतेकदा स्वतःच भाडेकरू असतो आणि एनओसीवर सही त्याचीच असते. त्याला पोटभाड्याने जागा द्यायचा अधिकार आहे का, हे मूळ मालकासोबतच्या करारात वाचा; तो कागद दाखवायला तयार नसेल तर दुसरं सेंटर बघा. तुमचा करारही नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे.

कंपनीचं नाव आणि पत्ता असलेली पाटी कार्यालयाबाहेर लावावीच लागते, आणि पुण्यात ती मराठीतही हवी. ‘फक्त पत्ता’ देणाऱ्या पॅकेजात पाटीला जागा नसते, तेव्हा ही गोष्ट करारात लिहून घ्या. कलम 12 मोडलं तर कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यांना दिवसाला 1,000 रुपये दंड आहे, कमाल एक लाख.

कंपनीचा व्यवसाय चालू नसल्याचा संशय आला तर कंपनी निबंधक (कंपन्यांची नोंद ठेवणारा सरकारी अधिकारी) स्थानिक दोन साक्षीदार घेऊन जागेवर येऊ शकतात, फोटो काढतात. पत्ता पोकळ निघाला तर कंपनीचं नाव नोंदवहीतून काढून टाकण्याची नोटीस निघते आणि उत्तराला 30 दिवस मिळतात. रिसेप्शनवरच्या माणसाला तुमच्या कंपनीचं नाव माहीत असलं पाहिजे, ते यासाठीच.

हिशोबाच्या वह्या दुसरीकडे ठेवणार असाल तर संचालक मंडळाचा ठराव करून सात दिवसांत एओसी-5 हा फॉर्म निबंधकांकडे भरा. सेंटर बदललं तर 30 दिवसांत पत्ताबदलाचा फॉर्म, आयएनसी-22. पुण्याबाहेर, अगदी पिंपरी-चिंचवडला गेलात तरी, आधी भागधारकांचा विशेष ठराव लागतो.

करार बहुधा 11 महिन्यांचा असतो. दहाव्या महिन्यातच नूतनीकरण करा.