केबल आणि इंटरनेटचे बिल कमी करून घेताना

केबल आणि इंटरनेट पुरवठादाराशी दराबाबत बोलणी करायची म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तावातावाने बोलणारा ग्राहक येतो. प्रत्यक्षात अशा बोलण्यांचा निकाल आवाजावर क्वचितच लागतो. फोन करण्यापूर्वी आपण कोणते कागद पाहिले आहेत आणि गरज पडल्यास सेवा सोडण्याची आपली किती तयारी आहे, यावरच तो बहुतांशी ठरतो. फोनच्या पलीकडे बसलेल्या व्यक्तीच्या पडद्यावर काही ठरावीक सवलती असतात आणि त्यांतली कोणती द्यायची, हे ठरवण्याचे मर्यादित अधिकार तिला असतात. आपले काम तिला वादात हरवण्याचे नसून, त्या यादीतली चांगली सवलत आपल्या नावावर टाकणे तिला सोपे जाईल अशी मांडणी करण्याचे असते.

जुन्या ग्राहकाचे बिल नव्या ग्राहकापेक्षा जास्त का असते, हे एकदा समजले की पुढचे बरेचसे उलगडते. नवा ग्राहक यावा म्हणून पहिले काही महिने कमी दर दिला जातो आणि ती मुदत संपताच दर आपोआप मूळ पातळीवर जातो. बँकेतून पैसे परस्पर वळते होत असतील, तर ही वाढ महिनोन् महिने लक्षातही येत नाही. दुसऱ्या बाजूला, नवा ग्राहक मिळवणे पुरवठादाराला स्वस्त पडत नाही. जाहिरात, घरापर्यंत तार ओढणे, तंत्रज्ञाची फेरी, उपकरणे आणि सुरुवातीची सवलत हा सगळा खर्च त्याला आधी करावा लागतो. त्यामुळे आहे तो ग्राहक थोडी सवलत देऊन टिकवणे त्याला परवडते, आणि मोठ्या पुरवठादारांकडे तर या कामासाठी स्वतंत्र कर्मचारीच नेमलेले असतात. आपली बाजू भक्कम असते ती इथे.

सुरुवात मागच्या १२ महिन्यांच्या बिलांपासून करावी. ती एकाखाली एक मांडून रक्कम कोणत्या महिन्यात वाढली, तेथे खूण करावी. सवलत नेमकी कधी संपली किंवा दरवाढ कधी झाली, हे त्यावरून दिसते. त्यानंतर ताज्या बिलातील प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाचावी. मूळ प्लॅनचा दर, सेट-टॉप बॉक्सचे भाडे, राउटरचे भाडे, जादा वाहिन्यांचे पॅक, विलंब शुल्क आणि कर या साधारण नेहमीच्या ओळी असतात. करावर घासाघीस होत नाही, मात्र मूळ रक्कम उतरली की त्या प्रमाणात तोही उतरतो. उपकरणांच्या भाड्याकडे विशेष लक्ष द्यावे. आमच्या घरातला दुसरा टीव्ही काढून टाकल्यावर त्याचा बॉक्स कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला आणि त्याचे भाडे त्यानंतर तब्बल १४ महिने आम्ही इमानेइतबारे भरत राहिलो. दोष अर्थातच पुरवठादाराचा नव्हता, कारण बॉक्स परत घ्या असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. अशा गोष्टींसाठी बोलणी लागतच नाहीत, उपकरण परत करून पावती घेतली की ती ओळ बिलातून जाते. राउटरच्या बाबतीत, स्वतःचा चालत असेल तर तो विकत घेण्याचा खर्च किती महिन्यांच्या भाड्याइतका होतो, एवढे गणित करून निर्णय घ्यावा. बहुतेक वेळा तो स्वतःचा असणेच फायद्याचे ठरते.

यानंतर आपली खरी गरज मोजावी, कारण सवलत मिळेल की नाही हे समोरच्यावर अवलंबून असते, पण प्लॅन खाली आणणे आपल्याच हातात असते. एचडी चित्र विनाअडथळा पाहण्यासाठी सुमारे ५ एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट) वेग पुरतो, ४के चित्रासाठी सेवेनुसार १५ ते २५ एमबीपीएस लागतात आणि व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांनी तीन-चार एमबीपीएस मिळाले तरी काम भागते. घरात एकाच वेळी जास्तीत जास्त किती पडदे चालू असतात हे मोजून त्यांची बेरीज करावी आणि वर थोडी मोकळी जागा ठेवावी. चौघांच्या घरातही ही बेरीज पुष्कळदा १०० एमबीपीएसच्या आत राहते, आणि तरीही ३०० किंवा ५०० एमबीपीएसचा प्लॅन वर्षानुवर्षे चालू असतो. घरून मोठ्या फाइली पाठवण्याचे काम असेल, तर मात्र अपलोडचा वेग वेगळा तपासावा. तारेच्या काही प्रकारांत तो डाउनलोडच्या मानाने फारच कमी असतो आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख बारीक अक्षरांत येतो.

वेग तपासताना एक घोळ नेहमी होतो. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो, तर फाइल उतरताना संगणकावर दिसणारा आकडा अनेकदा मेगाबाइटमध्ये असतो, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतील, आणि ती फसवणूक नव्हे. चाचणी घेताना लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडावा, घरातील इतर उपकरणे बंद ठेवावीत आणि सकाळी, दुपारी व रात्रीच्या गर्दीच्या वेळी असे तीन आकडे चार-पाच दिवस टिपून ठेवावेत. आतल्या खोलीत मोबाइलवर घेतलेली वायफायची चाचणी बोलण्यात उपयोगी पडत नाही, कारण भिंती, शेजाऱ्यांचे राउटर आणि वायफायच्या लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा गजबजलेला पट्टा यांचा दोष पुरवठादाराच्या माथी मारता येत नाही. राउटर जुना असून त्याचे पोर्ट (तार जोडण्याच्या खाचा) १०० एमबीपीएसचेच असतील, तर त्याहून जास्त वेगाच्या प्लॅनचे पैसे वायाच जात आहेत. उलट तारेवरची चाचणीही कबूल केलेल्या वेगाच्या बरीच खाली भरत असेल, तर ती वही बोलण्याच्या वेळी फार कामाला येते.

वाहिन्यांसाठी टीव्हीशेजारी एक कागद ठेवून, घरात कोणी काय पाहिले ते दोन आठवडे लिहीत जावे. पॅकमधील बहुतेक वाहिन्या त्या कागदावर येतच नाहीत. खेळांचा महागडा पॅक तर एखाद्या स्पर्धेपुरता घेतलेला असतो आणि स्पर्धा संपल्यावर तो काढायचे राहून जाते.

आता पर्यायांची माहिती काढावी. शहरात एखादा पुरवठादार आहे म्हणून तो आपल्या इमारतीपर्यंत पोहोचतोच असे नाही, म्हणून आपल्या पत्त्यावर जोडणी मिळेल का, हे त्याला स्वतः विचारून खात्री करावी. त्याचा दर लिहून घेताना सुरुवातीची सवलत संपल्यानंतरचा दर, जोडणीचा खर्च, अनामत, डेटाची मर्यादा आणि ती ओलांडल्यावर वेग किती खाली येतो, हे सारे विचारावे. पर्याय खोटा सांगू नये. नैतिकतेचा भाग बाजूला ठेवला तरी, समोरच्या कर्मचाऱ्याला आपल्या भागात कोण सेवा देते याची माहिती असते आणि बनाव उघडा पडला की पुढची सवलत मिळत नाही. आपल्या भागात तारेचा पुरवठादार एकच असेल, तर आपली बाजू कमजोर आहे हे मान्य करावे. अशा वेळी मोबाइल नेटवर्कवर चालणारी घरगुती जोडणी हा पर्याय तपासावा, आणि तोही नसेल तर सारा भर प्लॅन उतरवणे, उपकरणे परत करणे आणि वर्षाचे पैसे एकरकमी भरल्यास किती कमी होतात, हे विचारण्यावर द्यावा.

फोन केव्हा करावा, यालाही महत्त्व आहे. कराराची मुदत किंवा सवलत संपण्यापूर्वीचा महिना सर्वांत योग्य असतो. मुदत बाकी असताना सेवा सोडल्यास किती दंड लागतो, हे करारात आधी पाहून ठेवावे, कारण तो आकडा मोठा असेल तर सोडून जाण्याच्या गोष्टीत दम राहत नाही. थकबाकी असेल तर ती आधी भरून टाकावी. वेळेवर पैसे भरणारा जुना ग्राहक ही आपली ओळख अशा वेळी उपयोगी पडते. पुरवठादार लहान असेल आणि निर्णय मालकच घेत असेल, तर फोनपेक्षा समक्ष भेट बरी.

मोठ्या पुरवठादाराच्या कस्टमर केअरला फोन लावल्यावर ‘सेवा बंद करणे’ किंवा त्या अर्थाचा पर्याय निवडावा, म्हणजे सवलतीचे अधिकार असलेल्या विभागाकडे फोन जाण्याची शक्यता वाढते. सुरुवात अशी करता येईल: “मी चार वर्षांपासून आपला ग्राहक आहे आणि एकही बिल थकवलेले नाही. सवलत संपल्यापासून माझे बिल जवळपास तिसऱ्या हिश्श्याने वाढले आहे. माझ्याच पत्त्यावर दुसरा पुरवठादार इतक्याच वेगाची जोडणी यापेक्षा कमी दरात देत आहे. मला बदल करण्याची दगदग नको आहे, म्हणून आपण कोणता दर देऊ शकता, हे विचारण्यासाठी फोन केला.” एवढे बोलून थांबावे. ही शांतता अवघड वाटते आणि ती भरून काढण्यासाठी आपणच “थोडेफार कमी झाले तरी चालेल” असे बोलून जातो, तिथेच सौदा हातचा जातो.

पहिले उत्तर बहुधा असे येते: “सर, याच दरात आम्ही आपला वेग दुप्पट करून देतो.” ऐकायला हे छान वाटते, पण त्याने बिल तसेच राहते. अमुक मनोरंजन सेवा तीन महिने मोफत, हाही त्याच जातीचा प्रस्ताव; चौथ्या महिन्यापासून तिचे पैसे लागू होतात. यावर “धन्यवाद, पण मला वेग वाढवायचा नाही, मासिक रक्कम कमी करायची आहे. यापेक्षा चांगला दर आपल्या अधिकारात नसेल, तर तो कोणाच्या अधिकारात आहे?” असे शांतपणे विचारावे. वेगाच्या चाचण्या कमी आल्या असतील, तर त्या तारीखवार वाचून दाखवण्याची हीच वेळ. चढ्या आवाजाने काही साधत नाही. दिवसभर शिव्या ऐकलेला तो कर्मचारी नीट बोलणाऱ्या माणसासाठी एक पाऊल जास्त टाकतो, असा माझा तरी अनुभव आहे. मात्र “मग बंदच करून टाका” हे वाक्य खरोखर तयारी असल्याशिवाय तोंडातून काढू नये. काही वेळा समोरचा “ठीक आहे” म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी जोडणी बंद झालेली असते.

प्रस्ताव पटण्याजोगा वाटला तरी होकार देण्यापूर्वी चार गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात: करासह एकूण मासिक रक्कम किती, ती किती महिन्यांसाठी, त्यानंतरचा दर कोणता आणि त्याबदल्यात नवा करार किती मुदतीचा होणार. शेवटचा मुद्दा सहसा घाईत सांगितला जातो. समजा सध्याचा दर १०० आहे आणि सहा महिने २० टक्के सवलत मिळणार आहे, पण करार २४ महिन्यांचा आहे. म्हणजे २,४०० मध्ये वाचले १२०, अर्थात फक्त ५ टक्के. त्यात सातव्या महिन्यापासून दर ११० होणार असेल, तर उरलेल्या १८ महिन्यांत १८० जादा जातील आणि ‘सवलत’ घेऊन आपणच ६० ने तोट्यात येऊ. असा हिशेब फोनवर तोंडी होत नाही. कागद-पेन जवळ ठेवावे आणि लागल्यास “विचार करून उद्या कळवतो” असे निःसंकोच सांगावे. आजच्या आज घेतले तरच मिळेल, असे सांगितलेली सवलत पुढच्या आठवड्यात पुन्हा मिळाल्याचेही पाहिले आहे.

ठरलेली गोष्ट ईमेलवर किंवा संदेशाने मागून घ्यावी आणि तो हाती येईपर्यंत फोन ठेवू नये. बोलणाऱ्याचे नाव, तारीख, वेळ व विनंती क्रमांक बिलाच्या पाठीवर लिहून ठेवावा. नकार मिळाल्यास दोन-तीन दिवसांनी पुन्हा फोन करावा, कारण दुसरा कर्मचारी दुसरे काही देऊ शकतो. तेथेही काही झाले नाही तर ईमेलने लेखी विनंती करावी. सवलत नाकारली म्हणून तक्रार करण्यात अर्थ नसतो; चुकीची आकारणी किंवा न मागितलेली सेवा माथी मारली असेल, तर मात्र ती जरूर करावी.

खरोखरच पुरवठादार बदलायचा ठरला, तर नवी जोडणी आठवडाभर नीट चालल्यावरच जुनी बंद करावी. बंद करण्याची विनंती लेखी द्यावी, उपकरणे परत करताना त्यांच्या अनुक्रमांकासह पावती घ्यावी, अनामत मागावी आणि अखेरचे बिल शून्य झाल्यावरच बँकेला दिलेला परस्पर वळतीचा आदेश रद्द करावा. जुन्या पुरवठादाराने दिलेला ईमेल पत्ता वापरात असेल, तर तो आधी सगळीकडे बदलून घ्यावा.

सवलत मिळाली असेल तर पहिले नवे बिल ओळीनुसार तपासावे, कारण मान्य झालेला दर बिलात चढवायचा राहून जाणे ही नित्याची बाब आहे. विनंती क्रमांक सांगितला की ती चूक सहसा पाच मिनिटांत दुरुस्त होते. त्याच वेळी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये सवलत संपण्याच्या एक महिना आधीची तारीख टाकावी आणि त्या नोंदीतच सध्याचा दर, ठरलेली मुदत व विनंती क्रमांक लिहून ठेवावा.