पर्यटन शिकायला युरोपात जाताय? आधी गाव कशावर चालतं ते बघा

ऑक्टोबर उजाडला की मला निरोप यायला लागतात. इरॅस्मस मुंडस या युरोपीय संघाच्या पदव्युत्तर शिष्यवृत्ती योजनेचे अर्ज त्याच सुमारास सुरू होतात. विचारणारे कुणी हॉटेल मॅनेजमेंट केलेले असतात, कुणी भूगोल किंवा अर्थशास्त्र. प्रादेशिक विकास आणि पर्यटन हा विषय घेऊन युरोपात जाऊ का, शिष्यवृत्ती मिळेल का, पुढे नोकरीचं काय, हे त्यांचे प्रश्न. त्यांची उत्तरं खाली देतेच. पण अर्ज भरण्याआधी एक गोष्ट मनात पक्की असायला हवी. या विषयाचा गाभा पर्यटक कसे वाढवायचे हा नाही. एखादा प्रदेश कशावर जगतो, आणि त्या जगण्यात पर्यटनाला किती जागा द्यायची, हे इथे शिकायचं असतं.

मी ‘युरोपियन मास्टर इन टुरिझम मॅनेजमेंट’ केलं. डेन्मार्क, स्लोव्हेनिया आणि स्पेन इथली तीन विद्यापीठं मिळून हा दोन वर्षांचा, १२० क्रेडिटचा अभ्यासक्रम चालवतात. शिकताना मुक्काम बदलत राहतो. माझा जीव रमला तो स्लोव्हेनियात. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्यांच्याहूनही लहान असा हा देश. लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास, आणि स्थानिक पालिका मात्र २१२. त्यामुळे एखाद्या निर्णयाचा माग काढायचा तर फार लांब जावं लागत नाही. ठराव कुणी मांडला, पैसा कुठून आला, विरोध कुणाचा होता, हे सगळं दोन-चार माणसांशी बोललं की कळतं. विद्यार्थ्यासाठी ही मोठीच सोय आहे.

तिथे गेलात तर इद्रियाला जाच. राजधानी ल्युब्लियानाच्या पश्चिमेला, डोंगरांच्या बेचक्यात वसलेलं हे गाव. १४९० मध्ये इथे पारा सापडला आणि पुढची पाचशे वर्षं गाव त्यावर चाललं. जगात आजवर निघालेल्या एकूण पाऱ्यापैकी साधारण १३ टक्के या एका खाणीतला. याहून मोठी खाण फक्त स्पेनमधल्या अल्मादेनची. पुढे पाऱ्याचे भाव कोसळले, त्याचं विषारीपण जगाच्या नजरेत आलं, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून खाण टप्प्याटप्प्यानं बंद केली गेली.

१५०० मध्ये खोदलेला आंतोनी बोगदा १९९४ पासून पर्यटकांसाठी खुला आहे. जिथे खाणकामगारांची हजेरी व्हायची त्याच इमारतीतून आत जायचं. अंगात कामगारांचा डगला, डोक्यावर हेल्मेट. वाट दाखवणारा माणूस एका जागी थांबतो आणि बॅटरीचा झोत भिंतीवर धरतो. लालसर हिंगुळाच्या, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाच्या, दगडावर पाऱ्याचे बारीक थेंब चमकताना दिसतात. गावात पाणी उपसायचं एक लाकडी चाकही जपलेलं आहे, १७९० चं, साडेतेरा मीटरहून जास्त व्यासाचं. २०१२ मध्ये इद्रिया आणि अल्मादेन यांना मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. सेंट पीटर्सबर्गच्या त्याच अधिवेशनात आपला पश्चिम घाटही यादीत आला, आणि मी साताऱ्याची असल्यामुळे तेव्हापासून या गावाबद्दल मला उगाचच आपलेपणा वाटतो.

खाण गेली आणि पर्यटनानं गाव तारलं, असं हे उदाहरण झटकन सांगून मोकळं होता येतं. पण गावात थोडं राहिलं तर चित्र वेगळं दिसतं. सकाळच्या पाळीला माणसं जातात ती कारखान्यात. कोलेक्टर ही विजेच्या मोटारींचे कम्युटेटर, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागापर्यंत वीज पोचवणारे सुटे भाग, बनवणारी कंपनी इथे १९६३ मध्ये, म्हणजे खाण चालू असतानाच, सुरू झाली आणि तिच्या क्षेत्रात जगभर नावाजली गेली. वाहनांचे भाग बनवणारी हिद्रियाही याच परिसरातली. गावाचं पोट भरलं ते या उद्योगांनी. पर्यटनानं वेगळं काम केलं. बोगदा बुजला नाही, चाक सडलं नाही, आणि १८७६ मध्ये सुरू झालेल्या लेस विणण्याच्या शाळेत मुलं आजही शिकतात. बटाट्याचं सारण भरलेले झ्लिक्रोफी, म्हणजे कणकेचे छोटे उकडलेले घास, खायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून येतात, तेव्हा खानावळींनाही चार पैसे मिळतात. हा वाटा छोटा आहे, पण मोलाचा आहे. ही दोन कामं वेगवेगळी ओळखता यायला लागली की विषय हाताला लागला असं समजा.

दुसरं गाव सोल्चावा, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून. पालिकेची लोकसंख्या पाचशेच्या आसपास. इथलं लोगारस्का दोलिना हे हिमनदीनं कोरलेलं खोरं १९८७ पासून संरक्षित आहे. गाड्यांची गर्दी वाढायला लागली तेव्हा स्थानिकांनी १९९२ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि पालिकेकडून खोऱ्याच्या व्यवस्थापनाचा अधिकार घेतला. मोसमात गाडी आत न्यायची तर प्रवेशशुल्क द्यावं लागतं, आणि त्या पैशातून खोऱ्याची देखभाल होते. शेतकरी आपल्याच घरात पाहुणे ठेवतात, पण जंगल आणि गुरं सोडत नाहीत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्या कुरणाचे फोटो काढायला लोक येतात ते कुरण गुरं चरतात म्हणूनच तसं राहतं. कासच्या पठारावर आजूबाजूच्या गावांच्या समित्या शुल्क घेतात आणि रोजच्या पर्यटकांवर मर्यादा असते. तो अनुभव असलेल्या मराठी विद्यार्थ्याला सोल्चावात विचारायला नेमके प्रश्न सुचतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता पैशाचं गणित. ते कंटाळवाणं वाटेल, पण त्याशिवाय या क्षेत्रात कुणी तुम्हाला उभं करणार नाही. युरोपीय संघ निधी वाटताना देशापेक्षा प्रदेश बघतो. दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तो कमी विकसित प्रदेश, १०० टक्क्यांच्या वर गेला की अधिक विकसित, मधला संक्रमणातला. स्लोव्हेनियाचे त्यासाठी पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत. पूर्वेतल्या प्रकल्पाला संघाचा वाटा ८५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतो, पश्चिमेत तो बराच कमी. सोल्चावा पूर्वेत, इद्रिया पश्चिमेत. पश्चिमेची सरासरी मुळात ल्युब्लियानानं वर खेचलेली, आणि तिचा फटका डोंगरातल्या खाणगावाला. एका आकड्यामागे एवढं दडलेलं असतं.

गावपातळीवर १९९१ मध्ये सुरू झालेली ‘लीडर’ ही युरोपीय संघाची ग्रामविकासाची पद्धत समजून घ्या. पालिका, शेतकरी, व्यावसायिक आणि संस्था मिळून स्थानिक कृती गट बनवतात. परिसराचा आराखडा गटच ठरवतो आणि निर्णयावर कुठल्याही एका बाजूचा ताबा असून चालत नाही. अशा गटाच्या बैठकीला बसायची परवानगी मिळाली तर वर्गातला तास बुडवूनही जा.

अर्जाबद्दल. हेतुपत्रात ‘मला प्रवासाची आवड आहे’ हे वाक्य घालू नका, ते प्रत्येक जण लिहितो. तुमच्या ओळखीच्या एका ठिकाणाबद्दल लिहा. तारकर्ली, भंडारदरा, वेरूळ, काहीही चालेल. तिथे पैसा कुणाकडून येतो, कुणाकडे जातो, पाण्याची आणि कचऱ्याची ओढाताण कुठे होते, हे आकडे आणि निरीक्षणं देऊन मांडा. निघण्याआधी एक्सेल आणि प्राथमिक संख्याशास्त्र पक्कं करा, युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या तक्त्यांशी झटापट करा, आणि जमल्यास नकाशे बनवायचं क्यूजीआयएस शिका. ते मोफत आहे.

इरॅस्मस मुंडसची शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क माफ होतं आणि महिन्याला १४०० युरो मिळतात. तेवढ्यात ल्युब्लियानात नीट भागतं, विशेषतः विद्यार्थ्यांना सरकारी अनुदानातून स्वस्त जेवणाची सोय असल्यामुळे. मात्र तुमच्या अभ्यासक्रमाला त्या वर्षी शिष्यवृत्ती आहे का, हे आधी तपासा. शिकताना काम करायचं तर ते ‘श्तुदेन्त्स्की सर्व्हिस’ या विद्यार्थी-रोजगार केंद्रामार्फत. तिथून नापोत्नित्सा नावाचं पत्र घ्यायचं आणि मगच कामाला लागायचं. त्याशिवाय कुणी रोख पैसे देऊन कामाला बोलावत असेल तर जाऊ नका, निवास परवाना धोक्यात येतो.

नोकरीबद्दल स्पष्टच सांगते. पर्यटन कार्यालयाच्या खिडकीवरचं काम स्थानिक भाषा येणाऱ्यालाच मिळतं. आपल्याला संधी जास्त आहे ती प्रकल्प-प्रस्ताव लिहिणं, आकडेवारीचं विश्लेषण आणि सीमापार सहकार्याचे प्रकल्प यांत, कारण तिथे कामकाज बरंचसं इंग्रजीत चालतं. तरीही भाषा शिकाच. स्लोव्हेनियनमध्ये संस्कृतासारखं द्विवचन आहे, शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ते परकं वाटणार नाही. मोडकंतोडकं का होईना, बोलायला लागलात की शेतकरी घरात बोलावतो आणि मुलाखत अर्ध्या तासाऐवजी दुपारभर चालते.

प्रबंधासाठी गाव शक्यतो पहिल्या वर्षातच निवडा. एकाच गावाला उन्हाळ्यातही जा आणि नोव्हेंबरातही जा. नोव्हेंबरात कुठली दुकानं उघडी आहेत, शाळेची बस किती भरलेली येते, दवाखान्यात डॉक्टर कोणत्या वारी असतो, हे लिहून ठेवा. मुलाखतीसाठी वेळही त्याच दिवसांत मिळतो, कारण पाहुणे गेलेले असतात आणि सरपणही भरून झालेलं असतं.