आपलं नशीब परक्या माणसाशी बोलून कसं तपासावं

वारा समोरून असला की सायकल चालवताना पायांना तो सतत जाणवतो. पाठीमागून असला की दोन मिनिटांत विसरायला होतं. नशिबाचंही तसंच. शाय डाविडाई आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2016 साली हेच दाखवलं: अडथळे लक्षात राहतात, आयती मिळालेली साथ राहत नाही. घरच्यांपुढे ती आठवत नाही, कारण आपलं रडगाणं त्यांना पाठ असतं. परक्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि तिथेच एरवी गाळलेली माणसं वर येतात.

दोघांनाही थांबणं भाग आहे अशी जागा बघा: लांबचा प्रवास, प्रतीक्षालय. वीसेक मिनिटं तरी हाताशी हवीत. दोनदा तुटक उत्तर आलं तर विषय सोडा. बाकी संकोच बहुधा फुकाचा असतो. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांच्या 2014 च्या अभ्यासात शिकागोच्या प्रवाशांना गप्प बसलेलं बरं वाटत होतं. प्रत्यक्षात ज्यांना शेजाऱ्याशी बोलायला लावलं, त्यांचाच प्रवास जास्त मजेत झाला.

सुरुवात समोर दिसतंय त्यावरून करा. मग विचारा, “तुम्ही या कामात कसे आलात?” ‘का’ नको, ‘का’ म्हटलं की माणूस समर्थन करू लागतो. ‘कसे’ म्हटलं की योगायोग बाहेर येतात. “शेजारच्या काकांनी सुचवलं,” असं उत्तर आलं की पुढे पळू नका. “त्यांनी सुचवलं नसतं तर?” हा खरा प्रश्न.

मग तुमची पाळी. आधी तोंडात येईल, “कष्टाने आलो.” येऊ द्या. बोलत राहिलात की फॉर्मच्या शेवटच्या तारखेची आठवण करून देणारा मित्र निघतो, त्या वर्षी घर सांभाळणारी ताई निघते.

घोटाळा होतो तो तुलनेत. समोरच्याचे हाल ऐकून “आपलं बरं आहे” म्हणणं स्वस्तातलं समाधान. संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, आणि त्या माणसाची नुसती फूटपट्टी होते. त्याचं चांगलं चाललेलं असलं तर उलट जळफळाट. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकची चित्रफीत पाहणाऱ्यांना रौप्यवाल्यांपेक्षा कांस्यवाले जास्त खूश दिसले. रौप्यवाल्यांची नजर हुकलेल्या सुवर्णावर असावी, कांस्यवाल्यांची पदकच न मिळण्यावर, असा संशोधकांचा अर्थ. म्हणून ताडून पाहायचं ते आपलंच न घडलेलं आयुष्य.

दुसरी खोट म्हणजे दुःखाची चढाओढ: “हे काहीच नाही, माझं ऐका.” जीभ तिकडे वळली की समोरच्याच्या शेवटच्या वाक्यावर एक प्रश्न विचारा. सल्ला देऊ नका; पगार, पत्ता विचारू नका.

गप्पा संपवून उठलात की दहा मिनिटांत कागदावर तीन रकाने करा: मी केलं ते, दुसऱ्यामुळे झालं ते, थोडक्यात टळलं ते. तिसरा भरायला सगळ्यात अवघड. दोन ओळी आल्या तरी पुष्कळ. खरोखरच दैवाने दगा दिला असेल तर तेही खाली लिहा. ते खोडायला हा कागद नाही.