कानाखालची गाठ दाखवायला निघताना

आधार, पैसे, चार्जर, पांघरूण हे कुणालाही सुचतं, ते सोडून देतो. स्लाइड घ्या. गावात सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, झाली असेल तर त्या लॅबमधून काचेच्या मूळ स्लाइड, म्हणजे गाठीतल्या पेशी पसरलेल्या पट्ट्या, मागून घ्या. मी अण्णांना कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईच्या रुग्णालयात नेलं. फाइल कशी चोख लावलेली! आणि खिडकीवर पहिलाच प्रश्न, "स्लाइड कुठायत?" मी रिपोर्टचा कागद पुढे केला. तो बाजूला ठेवला गेला आणि आम्ही त्याच रात्री परत.

तेव्हा राग आला, नंतर कळलं. कानाखालची अशी गाठ लाळग्रंथीची असू शकते. लाळग्रंथीच्या गाठींचे वीसहून जास्त प्रकार आहेत, पेशी एकमेकींसारख्या दिसतात, त्यामुळे तिथले पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशी तपासणारे डॉक्टर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत. आधी कुठे तुकडा काढला असेल किंवा ऑपरेशन झालं असेल, तर तो तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉकसुद्धा घ्या. लॅब सही घेऊन देते, पण दोन-तीन दिवस लावते. म्हणून तिकिटाच्या आधी स्लाइड. बॅगेत टाकू नका, फुटतात. डबीत घालून हातात ठेवा.

एमआरआयची फिल्म आणि सीडी दोन्ही न्या. गाठ कधीपासून आहे, हळूहळू वाढली की महिन्याभरात, दुखते का, हे लिहूनच न्या. कानासमोरच्या, म्हणजे पॅरोटिड या लाळग्रंथीच्या, बहुतेक गाठी साध्या निघतात. जिभेखालच्या किंवा टाळूतल्या छोट्या ग्रंथींच्या गाठींत कर्करोगाचं प्रमाण जास्त. तोंड वाकडं झालं असेल, डोळा नीट मिटत नसेल, तर ते आधी सांगा. मोबाइलमधला वर्षभरापूर्वीचा हसरा फोटो दाखवा, फरक लगेच कळतो. विडी लपवू नका. अण्णांनी "कधीच नाही" म्हणून सांगितलं आणि खिशातून बंडल पडलं. वॉर्थिनची गाठ, हा लाळग्रंथीच्या साध्या गाठीचा एक प्रकार, धूम्रपान करणाऱ्यांत जास्त आढळते, म्हणून विचारतात ते.

डॉक्टरांना एकच विचारा: चेहऱ्याची नस वाचेल का? ती पॅरोटिडच्या आरपार जाते, तिच्या फांद्या सोडवत गाठ काढावी लागते. "नुसती गाठ सोलून काढू, पंधरा मिनिटांचं काम" असं कुणी म्हणालं तर उठा तिथून. प्लिओमॉर्फिक अडिनोमा, हाही साध्या गाठीचाच प्रकार, तसा सोलला तर पुन्हा उगवतो, तोही अनेक ठिकाणी. साधी आहे म्हणून वर्षानुवर्षं ठेवूनही देऊ नका, काहींची पुढे कर्करोगात बदलते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, मनाने बंद करू नका. स्लाइड घेतल्या ना?

ऑपरेशनच्या दिवशी उपाशीपोटी, पुढून बटणांचा शर्ट. नंतर जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी, कानाची पाळी बधिर, डोळा मिटत नसेल तर थेंब. काही महिन्यांनी जेवताना गालाला घाम आला तर घाबरू नका, डॉक्टरांना सांगा. टाके, फेरतपासणी, लागलीच तर रेडिएशन, ते तिथले लोक सांगतील. आणि या ऑपरेशनच्या स्लाइड-ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहेत, नंबर काय, ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.