सोलापुरात टाकी धुण्याचा धंदा कसा सुरू करावा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे घरोघरी जमिनीखाली हौद, गच्चीवर काळी टाकी आणि जागा असेल तिथे बॅरल. साठवलेलं पाणी आलं की गाळ आलाच, आणि तो काढायला नेमका माणूस सापडत नाही. दोन माणसं आणि एक दुचाकी एवढ्यावर हा धंदा उभा राहतो. पण चालतो तो पाण्याच्या पाळीवर.

म्हणून आधी वही घ्या, अवजारं नंतर. जुळे सोलापूर, शेळगी, विजापूर रोड, पूर्व भाग. कुठल्या गल्लीत कुठल्या दिवशी पाणी सुटतं ते लिहून काढा. टाकी धुवायची ती पाणी सुटायच्या आदल्या दिवशी, हौद तळाला गेलेला असताना. भरलेला हौद उपसायला गेलात तर घरची बाई दारातूनच परत पाठवेल, आणि तिचं बरोबरच आहे.

सामान: अर्ध्या एचपीचा मड पंप, ओलं-कोरडं ओढणारा व्हॅक्यूम, ॲल्युमिनियमची शिडी, लांब दांड्याचे नायलॉन ब्रश, स्पंज, गमबूट, हातमोजे, मास्क, बॅटरीवरचा दिवा, दोर. साधारण 15 ते 18 हजारांत बसतं. जेट मशीन पहिल्या वर्षी नकोच. ते मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी पितं, आणि जवळून मारलं तर हौदाचा गिलावा सोलतं. तारेचा ब्रशही नको; प्लास्टिकच्या टाकीला ओरखडे पडले की शेवाळ त्यातच घर करतं.

भाव लिटरवर सांगा, पण माप स्वतः घ्या. लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला 28 ने गुणा. 6 × 5 × 5 फुटांचा हौद म्हणजे सुमारे 4,200 लिटर. मालक हमखास "पाच हजारांचा" म्हणतो.

काम असं करा. घरची मोटर बंद. वरचं स्वच्छ पाणी बादल्या-बॅरलमध्ये काढून द्या, तळाशी वीतभर ठेवा. आता सगळ्यात महत्त्वाचं: बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड कापडाच्या बोळ्यानं बंद करा आणि बोळ्याला लांब सुतळी बांधून तिचं टोक झाकणाबाहेर सोडा. बोळा घातला नाही तर गाळ पाइपात जाऊन गिझर आणि फिल्टर तुंबतात. सुतळी नसेल तर बोळा आतच राहतो आणि रात्री "नळाला थेंब नाही" म्हणून फोन येतो. मग उरलेल्या पाण्यातच भिंती वरून खाली घासा, गाळ पंपानं काढा, कोपरे व्हॅक्यूमनं कोरडे करा.

निर्जंतुकीकरणासाठी 10 लिटर पाण्यात 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) 40 मिली. ब्रशनं भिंतींना लावा, लगेच बाहेर या, अर्धा तास थांबा, मग धुऊन ते पाणी उपसून टाका. उन्हाळ्यात या द्रावणाचा जोर लवकर उतरतो, म्हणून थोडंथोडंच आणा आणि सावलीत ठेवा. क्षाराचा पांढरा थर पाहून लोक ॲसिड वापरायला सांगतात. ऐकू नका. ॲसिड सिमेंट खातं आणि क्लोरीनशी मिसळलं की विषारी वायू सुटतो.

हौदात एकट्यानं कधीच उतरू नका. झाकण आधी अर्धा तास उघडं ठेवा, आत पंख्यानं हवा सोडा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दुसरा माणूस वरच. आतल्याला गरगरलं तर वरच्यानं उडी मारायची नाही, दोर ओढायचा. पेट्रोल-डिझेलचं इंजिन तोंडाजवळ नको. पंपाच्या बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि माणूस आत असताना पंप बंद. "जाता जाता सेप्टिक टँकपण बघा" म्हणाले तर सरळ नाही म्हणा. सुरक्षा साधनांशिवाय त्यात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. भांडवल कमी पडलं तर मुद्रा योजनेतल्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं. धंद्याचं खातं घरखर्चापासून वेगळं ठेवा. मदतनिसाची रोजी, पेट्रोल आणि पंपाची झीज धरूनच भाव काढा.

खरी गर्दी दसरा काढायच्या दिवसांत. तेव्हा रोज दोन-तीन कामं घेता येतात, त्याहून जास्त घेतली की घासणं उरकल्यासारखं होतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरचं काम सकाळी दहाच्या आत संपवा. पूर्व भागात पत्रक तेलुगूतही छापा.

निघण्याआधी झाकण घट्ट बसतं का, बॉल कॉक गळतो का ते पाहा, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी बांधा. डेंग्यूचे डास तिथूनच आत शिरतात. झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेचं स्टिकर लावा, सहा महिन्यांनंतरची तारीख वहीत लिहा आणि ती जवळ आली की त्या गल्लीची पाळी बघून आपणच फोन करा.